बीबीचं पाणी

भाताची मळणी नुकतीच उरकली होती. गारगोटीच्या पुढच्या त्या डोंगरकुशीतल्या गावात पाऊल टाकताच ताज्या पिंजराचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, कोमट, गोडसर वास अंगावर आला. सत्तरच्या दशकातले ते हिवाळी दिवस. मी कोल्हापुरात मराठी शिकवत होते आणि सुटीत एक काम हौसेनं अंगावर घेतलं होतं: रोमन लिपीतल्या जुन्या यादीतली ओढ्यांची, माळांची, झऱ्यांची नावं लोकांच्या तोंडून ऐकायची आणि देवनागरीत नीट नोंदवायची. एखाद्या नावातला हरवलेला ऱ्हस्व-दीर्घ सापडला की दिवसभर मन प्रसन्न राही.

या गावच्या झऱ्याचं नाव यादीत असं काही लिहिलं होतं की ते ‘बिब्ब्याचे पाणी’ही वाचता यावं आणि ‘बीबीचे पाणी’ही. चावडीत बसलेले पाटील चटकन म्हणाले, “बिब्ब्याचं लिवा, बाई. झाड आसंल कवातरी तितं.” मी लिहिलं, त्यांनी खाली सही केली. पण ते ‘आसंल’ माझ्या मनात रुतून बसलं आणि झाड पाहायला म्हणून मी पाणंदीनं झऱ्याकडे निघाले.

जांभळीच्या गार सावलीत पाणी झुळझुळत होतं. आसपास करवंदीच्या जाळ्या होत्या, बिब्बा कुठेच नव्हता. धुणं धुणाऱ्या बायकांत एक म्हातारी होती. सारा गाव तिला आत्ती म्हणे. मी विचारताच तिनं हातातलं लुगडं दगडावर तसंच ठेवलं.

“कसला बिब्बा? बीबीचं पाणी हाय ह्ये. पिंजाऱ्याच्या घरातली बाई हुती. गावच्या हिरी आटल्या, तवा हितं जमिनीला वल बघून एकटीच उकरत बसली. माज्या सासूनं सांगितलंय.”

पिंजाऱ्याचं घर अजून होतं. कासीममामा ओसरीवर कापूस पिंजत होते आणि तिरप्या उन्हात कापसाचे तंतू इतके संथ तरंगत होते की त्या घरात काळच हलका झाल्यासारखा वाटला. बीबी त्यांच्या आज्याची आई. माझं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पाटलांनी सांगितलंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की बाई. पाणी त्येच हाय.”

एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले नाहीत. कापूस पिंजायच्या धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर त्यांचा हात नुसता टेकून राहिला.

मी चावडीकडे परतले. धुणं आटोपून वाटेत भेटलेली आत्ती ओल्या लुगड्यानिशी माझ्या मागोमाग आली. “सही झालीया, आता काय?” पाटील कुरकुरले. आत्ती मोठ्यानं म्हणाली, “लेका, तुजी आय कुठल्या पाण्याला जायाची? काय म्हणायची ती?”

पाटील कागदावरच्या आपल्या सहीकडे बघू लागले. मग, कुणाचा तरी जुना आवाज कानी पडावा तसे, हळूच म्हणाले, “बीबीचं.” कागद ओढून त्यांनी ती ओळ स्वतःच खोडली आणि मी लिहिलेल्या नव्या ओळीखाली पुन्हा सही केली.

ही बातमी सांगायला मी ओसरीवर गेले तेव्हा कासीममामांनी दुआ संपवताना फिरवतात तशी दोन्ही हातांची ओंजळ तोंडावरून फिरवली. मी उत्साहानं विचारलं, “आणि बीबींचं खरं नाव काय होतं?”

मामा गोंधळले. “बीबीच म्हणायची की समदी. नाव…” त्यांनी आत हाक मारून विचारलं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

एसटीची वाट पाहताना आत्ती शेजारी उभी होती. मी विचारलं, “आत्ती, तुमचं नाव काय?” ती लाजून हसली, रस्त्याकडे पाहत राहिली, आणि गाडीची धूळ वळणावर दिसू लागली तेव्हा म्हणाली, “सोनाबाई. कोन इचारतंय हो?” कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहून घेतलं.

यादी पुढे छापून आली. झऱ्याचं नाव अचूक होतं, ‘बीबी’तली दोन्ही अक्षरं दीर्घ. समास अर्थातच वगळलेला होता. ‘बीबी’ हा शब्द वाचताना मी आजही अडखळते. ते तिचं नाव आहे, की तिच्या नावाची नुसती जागा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.