पलंगावरचं प्लास्टिक

"लेकीचा पलंग बापाच्या घरून जातो. का, ते इचारायचं न्हाई!"

हा नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. मी बीएस्सी झाले, पण नियम जागचा हलला नाही. आमच्या पाथर्डीकडच्या घराण्यात जितकी लग्नं तितके पलंग, आणि किस्से पलंगांहून जास्त!

*

पहिला पलंग पणजोबांचा. पितळी! भिंगारच्या छावणीतला कुणी गोरा साहेब मायदेशी निघाला, तेव्हा पणजीच्या बापानं लिलावात घेतलेला. बैलगाडीतून मिरवत आणला. पणजोबा मात्र त्याच्याखाली घोंगडी टाकून झोपायचे.

"वर झोपलो तर लोकांना पलंग दिसंल कसा?"

*

आत्याचा पलंग बॉक्सवाला. "सामान मावतं, लई सोयीचा!" सामान म्हणजे वर्षाची बाजरी. दळण काढायचं म्हणून तिच्या यजमानांना पहाटेच उठवतात. त्या घरात अलार्म कुणी लावत नाही!

*

ताईचा पलंग माझ्या वडलांनी, म्हणजे अण्णांनी, सुप्याला पाठवला. दाजी तिथं कंपनीत, खोली भाड्याची, दहा बाय दहा. पलंग सहा बाय सात, डोक्याशी कोरीव मोर. पलंग आत गेला, पण दार लागेना! मोराची मान आडवी येत होती.

मी म्हणाले, "मान कापा."

अण्णा भडकले, "मोर न्हाई कापायचा. दार कापा!"

घरमालकाच्या दाराला आजही खाच आहे.

*

यंदा माझा नंबर. बोलणीसाठी मुलाच्या घरी गेलो. सगळी वडीलधारी मंडळी सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली. मागं मुलाच्या आईचा, म्हणजे काकूंचा, लग्नातला पलंग, गादीवर अजून दुकानातलं प्लास्टिक.

"त्यावर नका बसू," काकू म्हणाल्या. "माझ्या बापानं दिलाय."

मुलाचे चुलते म्हणाले, "आमची मागणी काय न्हाई. पलंग तेवढा रीतीनं यावा."

"येईल की!" अण्णा म्हणाले. "लाकडासाठी बांधावरचा कडुलिंब उद्याच पाडतो."

"पलंग येणार नाही," मी म्हणाले. "लग्न मोडायचं तर मोडा."

आत्यानं चिमटा काढला. "गप बस गं!"

"अण्णा रोज दुपारी त्याच कडुलिंबाखाली बाजेवर झोपतात. झाड पाडलं तर ते झोपणार कुठं? आणि काकू, तुम्ही तुमच्या वडलांच्या पलंगावर एकदा तरी झोपलात का?"

चुलते सतरंजीचा दोरा ओढत बसले. अण्णा माझ्याकडं बघतच राहिले.

काकू उठल्या. टर्रकन प्लास्टिक ओढून काढलं, आणि पदर सावरून, सगळ्यांदेखत, पलंगावर आडव्या झाल्या.