गोदामवाले आणि अर्धवट कप

ऑफिसात त्यांना सगळे 'गोदामवाले' म्हणत. कॉम्प्युटरच्या मूळ सिस्टिममध्ये डिस्कवर माहिती ठेवायची आणि लागेल तशी काढून द्यायची, एवढा भाग त्यांचा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या कोडवर घालवली होती. कुणी नवख्याने त्यातली एखादी ओळ हलवली तरी गृहस्थांचं जेवणावरून मन उडत असे.

अशा या लाडक्या कोडला गळती लागली. डिस्कवरून काही वाचायचं तर कोड मशीनकडून थोडी मेमरी मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. हा कुठेतरी परत करतच नव्हता. गिऱ्हाइकाकडे मशीन बरेच दिवस चालू राहिलं की मेमरी संपायची आणि बिचारं धापा टाकत बंद पडायचं. साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "या आठवड्यात सापडलं तर ठीक. नाहीतर तुमचा भाग काढून दुसऱ्या टीमचा बसवतो." गोदामवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी डोळ्यांत तेल घालून कोड वाचला. मेमरी घेतली, डिस्क वाचली, मेमरी परत केली. नाव ठेवायला जागा नाही! शेवटी सुट्टी टाकून ते घरीच शोधायला बसले.

घरी निराळंच प्रकरण पेटलं होतं. बायको दातांची डॉक्टर. दुखरा दात कोणता, हे पेशंट सांगतो म्हणून खरं मानायचं नाही, हा तिचा शिरस्ता.

"घरात प्यायला एक कप उरलेला नाही," ती म्हणाली.

"माझ्याकडे काय बघतेस? मी चहा प्यायलो की कप धुऊन जागेवर ठेवतो."

"ठेवता, कबूल. पण चहा संपला तर! मध्येच फोन वाजला की उठता, आणि कप राहतो तिथेच." असं म्हणून तिने घरभर फिरून पुरावा गोळा केला. वॉशिंग मशीनवर एक, खिडकीत पडद्यामागे एक, आणि एक चक्क चपलांच्या कपाटात. सगळ्यांत अर्धा अर्धा चहा, वर साय.

गोदामवाले त्या कपांकडे बघतच राहिले. मग ताडकन उठून कॉम्प्युटरला जाऊन चिकटले. आपण तपासलं ते सगळं धडधाकट डिस्कवर! गिऱ्हाइकाची डिस्क म्हातारी. वाचता वाचता तिने मान टाकली की कोड 'जमलं नाही' म्हणून मधल्याच दाराने बाहेर पडत होता, आणि त्या दाराशी मेमरी परत करायची ओळच नव्हती. त्यांनी ती लिहिली. त्यांच्या धंद्यात दुरुस्तीखाली दोष शोधणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत आहे. तिथे त्यांनी बिनदिक्कत बायकोचं नाव टाकलं आणि सगळं साहेबांकडे धाडून दिलं.

शनिवारी दुपारी फोन वाजला. साहेबांचाच. निकाल! गोदामवाल्यांचा जीव टांगणीला लागला, पण या खेपेला ते शहाणे झाले होते. फोन वाजू दिला. समोरचा कप उचलला, चहा ओतून दिला, कप घासला, पुसला, जागेवर ठेवला आणि मगच फोन घेतला.

"कोड तुमचाच राहतोय," साहेब म्हणाले. "गळती बंद. आणि या शोधणाऱ्या बाई कोण हो? आपल्याकडे येतील का?"

गोदामवाल्यांना इतका आनंद झाला की डोळे पाणावले. तेवढ्यात बायको बाहेरून आत आली आणि टेबलाशी थबकली.

"अहो, माझा कप कुठे गेला? दोन घोट पिऊन दार उघडायला गेले होते."

गोदामवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरा कुणी वापरत असताना त्याची मेमरी परस्पर परत करून टाकायची! त्यांच्या धंद्यात हे पाप गळतीपेक्षा मोठं.

"साहेब," ते फोनवर हळूच म्हणाले, "कोड एवढ्यात कुणाला देऊ नका. मला जरा ती नवी ओळ पुन्हा बघू द्या."