मुकी गुंडी

"बोललं काय वं, वहिनी?" भांडं ठोकून झालं, की दोन्ही तळवे त्यावर ठेवून शेजारचे भाऊजी मला हेच विचारायचे. स्वतःच्या कानांवर भरवसा उरला नव्हता. अर्धे कान हिंगण्याच्या कारखान्यात मशीनपाशी गेले, उरलेले निवृत्तीनंतर तांब्यावर हातोडी मारण्यात. मनीषनगरात आमची घरं जोडून, मध्ये एकच भिंत. म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे. बोलायचं काम असतं, तर ते मी कुणी न सांगताही केलं असतं.

तांब्याचा पत्रा तापवायचा, निववायचा, लोखंडी खुंटावर धरून मठारायचा, म्हणजे लगतलगत ठोके देत त्याला पोट आणायचं. वर माशाच्या खवल्यांसारख्या खुणा उठत. प्रदर्शनवाले वाखाणून भांडी घेऊन जात. भाऊजी म्हणत, "न्या. दिसाले चांगलं हाय, बोलत नाही. नव्या जावयासारखं."

त्यांना कोणता आवाज हवा होता, ते मला ठाऊक होतं. तुम्हालाही सांगते. त्यांची बायको शेवटची पोळी उतरली, की पोळी उलटायचा सराटा तव्यावर वाजवायची. दोन आखूड, एक लांब. बाकी हाका ऐकू येत नसत, पण तेवढा आवाज कसा कोण जाणे, त्यांना पोचायचा. मग हातोडी खाली ठेवल्याचा ठक्, आणि नळ.

ती गेली आणि दुपारी हातोडी थांबेना. जेवायला बोलावणारं कोणी नव्हतं. वयानं बोटं थरथरायला लागली होती. हात बंद पडायच्या आत त्यांना तांब्यातून तो लांब ठोका काढायचा होता. प्रत्येक भांड्याला मी मान हलवून नाही म्हणायचे. खोटं हो म्हणावंसं वाटे, पण तळव्यांना कळलं असतं.

शेवटी त्यांनी पाणी भरायची गुंडी, लहान घागरच म्हणा, घडवायला घेतली. एका दुपारी मी कणीक मळत होते, पलीकडे ठोके चालू होते, आणि तवा वाजला. दोन आखूड, एक लांब. मग ठक्. मग नळ.

कणकेच्या हातांनीच गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात गॅस थंड, तवा खिळ्याला. ते हात पुसत होते. या खेपेला त्यांनी मला काही विचारलं नाही.

"भाऊजी, काय झालं?"

माझ्या ओठांकडे बघून म्हणाले, "जेवाले बलावून राहिली ना ती." आणि डब्यातली भाजी दोन ताटांत वाढली.

त्यानंतर त्यांनी हातोडी उचलली नाही. गुंडी मला आणून दिली. मी म्हटलं, अहो, हिच्यासाठीच तर एवढं केलंत. तर म्हणाले, "तुमीच ठेवा. मले आता तिचं गुंडीबिनाही आयकू येते."

थंडी सरायच्या आत तेही गेले. मुलानं घराला कुलूप लावलं.

गुंडी माझ्या ओट्यावर आहे. नातवंडं चमच्यानं वाजवून बघतात. मातीच्या मडक्यासारखी थप् करते, बस. पण दुपारी माझे हात कणकेत असले, की कधीकधी तिच्यातलं पाणी थरथरतं. मग भिंतीपलीकडे तवा वाजतो. ठक्. नळ.

त्या घराची किल्ली माझ्याकडेच असते. पण मी काही उघडून बघायला जात नाही. ऐन जेवणाच्या वेळी कुणाच्या दारात उभं राहू नये.