न वाचलेलं परिशिष्ट

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. सांगायला बसलो की मी दुसरंच काहीतरी सांगत सुटतो. आजही तसंच होईल की काय, कोण जाणे.

मी देवासला एका छोट्या संस्थेत आहे. पाणी आणि मासेमारी यांविषयी भोपाळला कुठलं विधेयक येतंय, राजपत्रात कुठल्या नियमांचा मसुदा छापलाय, यावर नजर ठेवायची, तो वाचायचा आणि नदीकाठच्या लोकांना सोप्या हिंदीत सांगायचा, हे माझं काम. सरकारी हिंदी भल्याभल्यांना कळत नाही, पण मला कळते, असा माझा लौकिक. त्या लौकिकानेच घात केला का? नाही — लौकिकावर कशाला ढकलू.

मनावर तालुक्यातल्या एका गावात केसरबाई होत्या. नदीत जाळं टाकणाऱ्या बायकांच्या समितीच्या अध्यक्ष. वाचता येत नव्हतं, पण महाशीर कुठल्या डोहात अंडी घालतो हे त्यांना बसल्या जागी सांगता यायचं. तो मासा फार कमी झाला होता. तो पुन्हा वाढावा म्हणून नियमांचा मसुदा निघाला — त्या पट्ट्यात जाळी बंद.

केसरबाईंनी मला विचारलं, "भिया, इसमें हमारे लिए कुछ है क्या?"

"कुछ नहीं है, बाई. सिर्फ बंदी है."

मी मसुदा पुरता वाचलाच नव्हता. शेवटचं परिशिष्ट राहिलं होतं. धारला भाच्याची मुंज होती, निघायची घाई होती — पण ते कारण नव्हे. मुंजीहून परतल्यावरही हरकती कळवायची मुदत शिल्लक होती. कंटाळा केला. आणि न वाचता ठामपणे बोललो, कारण "बघून सांगतो" म्हणायची मला लाज वाटली.

परिशिष्टात काय होतं? मत्स्यबीज सोडायचं आणि डोह राखायचं काम पिढीजात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना मिळणार होतं. हरकतींच्या मुदतीत फक्त नावं कळवायची होती. मी ते वाचलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. काम बाहेरच्या ठेकेदाराला गेलं. बायकांची जाळीही गेली आणि नदीही.

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं, नाही का? केसरबाई विचारायला आल्या, तर मी म्हणालो, "भोपालवालों ने बाद में जोड़ दिया." इतकं सहज आलं ते तोंडातून.

त्या भोपाळला जायला निघाल्या. मला सोबत जावंच लागलं. अधिकाऱ्यासमोर, चार गावच्या लोकांसमोर त्या म्हणाल्या, हे मागाहून घुसडलंय. अधिकाऱ्याने मूळ मसुदा काढला, शेवटची पानं उलटली. "शुरू से यही है, माताजी. आपसे किसने कहा?"

मी त्यांच्या मागच्या खुर्चीत होतो. दोन हातांच्या अंतरावर. उठून "मी" म्हणायला किती वेळ लागला असता?

केसरबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. "मैं ही गलत समझी, साब," म्हणाल्या.

त्यांना तेव्हा कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. हे म्हणायला मला इतकी वर्षं लागली — आधी मी स्वतःला सांगत असे की त्या बिचाऱ्या गोंधळल्या असतील.

गावात बायका चिडल्या. चिडतील नाही तर काय? केसरबाईंना पदावरून काढायची बैठक भरली. माझं नाव त्यांनी तिथेही घेतलं नाही. त्यानंतर त्या गावात राहिल्या नाहीत, धामनोदला लेकीकडे गेल्या. मी अजून त्याच नोकरीत आहे. नवा मसुदा आला की लोक अजून मलाच विचारतात.

पण त्या बैठकीचं सांगायचं राहिलं. ठराव लिहायचा होता आणि कागदपत्राची भाषा येणारा तिथे मी एकटाच. काढण्याचं कारण लिहिताना माझा हात थांबला. केसरबाई समोरच बसल्या होत्या.

"लिखो, भिया," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं — 'समिति को गलत जानकारी दी.' त्यांनी खाली अंगठा उठवला. त्याच्या शेजारी, साक्षीदार म्हणून, माझी सही आहे.