पुरुषांच्या पंगतीतल्या वहिनी

आमच्या समोरच्या वहिनींचा मऊ भातावर विश्वास नाही. वजन उतरवण्यासाठी नवऱ्याचं सुरतेला पोटाचं ऑपरेशन झालं, पोट मुठीएवढं उरलं, तेव्हापासून त्या मुगाचं वरण आणि भात दुपारभर मंद आचेवर शिजवतात. शीत चिमटीत चुरून बघतात आणि तरीही मला हाक मारतात, "भाऊ, दखा बरं, कणी लागस का?" मी नाही म्हटलं, तरी पातेलं पुन्हा गॅसवर जातं. मागे नवऱ्याच्या घशात भाकरीचा तुकडा अडकला, तेव्हा ॲम्ब्युलन्सनं सुरत गाठावी लागली होती.

नवरा विसरवाडीतलं बडं प्रस्थ. ऑपरेशनबद्दलही चौकात त्याच्या अभिनंदनाचा फलक लागला. फोटो मात्र जुना, तो जाडा असतानाचाच होता.

परवा एका लग्नात तो माझ्यासमोर जेवायला बसला आणि वहिनी डबा घेऊन त्याच्या शेजारी बसल्या. यजमान म्हणाले, "वहिनी, हाई माणसेस्नी पंगत शे."

"माले माहीत शे, बापू. तुम्ही वाढा."

बापूंनी नवऱ्याच्या पानात तुपानं निथळणारी बट्टी ठेवली. "एक खाई तं काय व्हस?"

यजमानांचा मान राखायला त्यानं तुकडा मोडून उचलला. वहिनींनी त्याच्या तोंडासमोर तळहात धरला. पंगत जेवायची थांबली. चारचौघांत त्याला आजवर कुणी अडवलं नव्हतं. त्यानं तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

वहिनींनी तो स्वतः खाल्ला आणि डब्यातलं चमचाभर वरण त्याला दिलं. तो गिळेपर्यंत त्या त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या, आणि माझाही घास हातातच राहिला.