आमच्या घरमालकीणबाईंचं न सापडणारं वाय-फाय

साऱ्या वऱ्हाडात आमच्या घरमालकीणबाईंइतकं सकस आणि नियमित रागावणारं दुसरं माणूस नाही, हे मी कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. खामगावच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहायला गेले आणि चार वर्षं राहिले. त्या चार वर्षांत त्या रागावल्या नाहीत असा एकच दिवस आठवतो, आणि त्या दिवशी त्यांना ताप होता. दूधवाला उशिरा आला तर त्याच्यावर, वेळेवर आला तर ‘आजच काऊन?’ म्हणून त्याच्यावर, शब्दकोडं अवघड असलं तर संपादकावर आणि सोपं असलं तर ‘आम्हाले काय अडाणी समजून राह्यले काय?’ म्हणून पुन्हा संपादकावर. मला त्या ‘मॅडम’ म्हणत आणि त्याच दमात एकेरीवर येत. ‘मॅडम, तू भात करून राह्यली का चिखल?’ ही त्यांची मायेची भाषा होती.

या रागाचं कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं. तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कॉल लागत नाही म्हणून व्यापारी ओरडत, साहेब ओरडत, आणि यांनी मात्र मधात बुडवलेल्या आवाजात ‘कृपया थांबा’ एवढंच म्हणायचं. ‘तीस वर्षं गिळलं मॅडम. आता पेन्शन आहे, घर माहं आहे, आता काऊन गिळू?’ निरोपसमारंभातच त्यांनी पहिला मोकळा राग काढला म्हणे, तो सत्काराच्या नारळावर, वजनाला हलका लागला म्हणून.

त्यांच्याकडे लॅपटॉप आला तो पुण्याच्या भाच्याकडून, त्याने नवा घेतल्यावर. सुरू केला की कोपऱ्यात एक पाटी यायची : तुमची प्रत अस्सल नाही. आतलं सॉफ्टवेअर पैसे न देता घेतलेलं आहे, असा त्याचा अर्थ मी पहिल्यांदा सांगितला तेव्हा बाई उभ्याच राहिल्या. ‘माह्या घरात बसून, माही लाईट खाऊन, मलेच चोर म्हणते?’ कॉम्प्युटरच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, ‘काकू, सगळे असंच वापरतात. पाटीकडे पाहू नका.’ तो दुकानदार पुढे कित्येक महिने आमच्या गल्लीतून जायचं टाळत असे. वाचनालयाच्या रद्दीत त्यांना एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेली जुनी सीडी मिळाली. तिच्या पाकिटावर लिहिलं होतं, हे सॉफ्टवेअर सर्वांचं आहे. घ्या, उघडून पाहा, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या. ते वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि एका दुपारीत जुनं सगळं पुसून ते नवं चढवलं. सगळं चाललं. फक्त वाय-फायच्या जागी एक ओळ आली : नो वाय-फाय अ‍ॅडॅप्टर फाउंड.

‘म्हणजे?’

‘म्हणजे लॅपटॉपला वाय-फायचं यंत्र सापडत नाही.’

‘काल होतं. आज कुठी जाईन? पाय फुटले काय त्याले?’

एरवी हे रागावणं महिनाभर चवीनं चाललं असतं. पण त्या हिवाळ्यात घाई होती. बाईंचं माहेर शेजारच्या तालुक्यात. तिथे त्यांची भावजय एकटी कपाशी करायची. अळी लागत नाही म्हणून विकलेल्या बियाण्याला त्या वर्षी शेंदरी बोंडअळी लागली होती. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकी सरकी आणि वळवळणारी गुलाबी अळी. गावातली अर्धी शेतं अशीच. नुकसानभरपाईच्या पाहणीसाठी अर्ज ऑनलाइनच भरायचा होता, आणि पाहणी होईपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटायची नव्हती. इकडे हरभरा पेरायचे दिवस निघून चालले होते. तालुक्याच्या केंद्रावर बाया सकाळी रांगेत उभ्या राहत आणि संध्याकाळी ‘सर्व्हर डाउन’ ऐकून परत येत. भावजयीचा फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, ‘तू रांगेत उभी राहू नको. मीच येते मशीन घेऊन.’ शेवटच्या तारखेला सहा दिवस होते.

अडचण एकच. त्या गावात मोबाइलची रेंज यायची ती फक्त बुद्धविहारासमोरच्या कडुनिंबाच्या वरच्या फांदीला. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळे तो विहाराच्या आत, प्लगला चिकटून. फोन झाडावर, लॅपटॉप आत. मधे वायर पोचण्यासारखी नव्हती. फोनचं इंटरनेट आत न्यायला वाय-फाय हवंच होतं.

मग बाईंनी दोष शोधायला घेतला, एक्स्चेंजच्या पद्धतीनं. ‘आधी आपल्या टोकापासून पाहायचं. समोरच्याले नंतर शिव्या द्यायच्या.’ कडेचं वाय-फायचं बटण पाहिलं, चालू होतं. बंद करून सुरू केला. एकदा, दोनदा, सातदा. लॅपटॉपच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला, तर तिकडचा मुलगा म्हणाला, ‘मॅम, ते सॉफ्टवेअर आम्ही सपोर्ट करत नाही,’ आणि त्याने फोन ठेवला. यंत्राचं राहिलं बाजूला. बाई भडकल्या त्या वेगळ्याच गोष्टीनं : ‘फोन ठेवतो म्हणून सांगितलं नाही मेल्यानं! तीस वर्षांत मी एक लाइन न सांगता तोडली नाही!’ परत फोन लावून त्यांनी भलत्याच मुलाला फोन कसा ठेवतात ते शिकवलं.

तिसऱ्या दिवशी त्याच कॉम्प्युटर मासिकातून उतरवून घेतलेली एक आज्ञा, म्हणजे कमांड, त्यांनी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत टाइप केली. लॅपटॉपच्या पोटात कोण कोण बसलंय त्याची यादी आली आणि तिच्यात तळाशी वाय-फायची चिप होती. नावासकट.

‘पाह्य! आहे! मग नाही काऊन म्हणते?’

मला समजलं तेवढं मी सांगितलं. चिप जागेवर होती, पण तिच्याशी बोलायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. चिपच्या कंपनीने तो खुला केलेला नव्हता, म्हणून तो सीडीत नव्हता. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागणार होता.

बाईंनी चष्मा काढला. ‘म्हणजे इंटरनेट लागाले इंटरनेट लागते?’

त्यानंतर पाव तास त्या जे बोलल्या त्यातलं फारसं छापण्याजोगं नाही. शेजारच्या अत्तरवाल्या चाचांनी दुकानातून येऊन ‘आपा, सब खैरियत?’ विचारलं आणि उत्तर ऐकून ते उलट्या पावली गेले.

शेवटी माझा फोन चार्जिंगच्या वायरनेच लॅपटॉपला जोडला आणि त्याचं इंटरनेट घेतलं. बाईंना वायर पाहून जरा बरं वाटलं. हुबेहूब आमचीच तक्रार, त्याच चिपची, कुणीतरी एका चर्चेच्या पानावर लिहिली होती, आणि खाली एका अनोळखी माणसाने एकेक पायरी सांगितली होती.

‘हा कोण होय?’

‘माहीत नाही. कुठल्यातरी देशातला.’

‘याले काय भेटलं हे लिहून?’

‘काही नाही.’

बाईंनी ते पान पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवलं. मग एकदम उसळल्या, ‘मग बाकीच्यायले काय धाड भरली?’

ड्रायव्हर उतरवताना एक करार आला. ‘मान्य आहे’ दाबायला मी बोट पुढे केलं तर त्यांनी माझा हात धरला आणि सगळा करार मराठीत ऐकला. आत काय आहे ते उघडून पाहायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, नीट चाललं नाही तर कंपनी जबाबदार नाही. ‘बियाण्याच्या पिशवीवर पण असंच बारीक छापलं असते,’ त्या म्हणाल्या. ‘माल इकाले पुढे, जबाब द्यायले मागे.’ मग त्यांनी ‘मान्य आहे’ दाबलं. इतक्या जोरात की ती कळ नंतर कायम तिरपी राहिली. लॅपटॉप बंद करून सुरू केला आणि कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह उमटलं. आनंद झाला म्हणून त्या मला रागावल्या.

पुढचे दोन दिवस विहारात. फोन कापडी पिशवीत घालून कडुनिंबाला टांगलेला, बाई सतरंजीवर लॅपटॉपसमोर, आणि भोवती सातबारे घेऊन बसलेल्या बाया. ‘नाव सांग. पुरं सांग. नवऱ्याचं नाही, तुह्यं सांग. सातबाऱ्यावर कोण आहे?’ अशी दरडावणी चालू होती, आणि बायांना तिचं काहीच वाटत नव्हतं. मुदतीच्या आधी गावातला एकूण एक अर्ज गेला.

दहा दिवसांनी पाहणी पथक आलं. डांबरी रस्त्यालगतची चार शेतं पाहून गेलं. भावजयीच्या शेतापर्यंत गाडी जात नव्हती. महिन्याने अहवाल लागला. तिच्या नावापुढे होतं : बोंडअळी आढळली नाही.

त्या दिवशी बाई ओरडल्या नाहीत, म्हणून मी घाबरले आणि रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. आधी त्या शेतात गेल्या आणि पिशवीभर बोंडं तोडली. मग तालुक्याच्या कृषी कार्यालयात साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी फायलीतून मान वर न काढता ‘काय काम आहे?’ विचारलं. बाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली, एक बोंड मुठीत फोडलं आणि अहवालाच्या कागदावर ठेवलं. अळी बाहेर आली आणि ‘आढळली नाही’वरून सरपटत चालली.

‘साहेब, हे काय होय वो?’

आवाज मधात बुडवलेला होता. एक्स्चेंजचा. मी तो तोवर कधी ऐकला नव्हता. साहेब उभे राहिले. ‘बाई, बसा ना,’ म्हणाले.

‘नाही बसत. तुम्ही चाला. गाडी जाते तिथवर गाडीत, पुढे पायी. मी थांबते, कृपया.’

फेरपाहणी झाली. भावजयीचं नाव यादीत आलं, आणि रस्त्यापासून आतल्या सगळ्या शेतांचीही पाहणी झाली. हरभऱ्याचे दिवस मात्र गेले ते गेलेच. रिकाम्या वावराकडे पाहत भावजय म्हणाली, ‘माय, आता रागावू नका. झालं ते झालं.’ आणि बाई तिच्यावरही रागावल्या.

पुढच्या वर्षी माझी बदली देऊळगाव राजाला झाली. निघताना बाईंनी एक उशी माझ्या हातात दिली. पऱ्हाटी उपटायच्या आधी दोघी नणंद-भावजयींनी वावर पालथं घालून अळीनं सोडलेली चांगली बोंडं वेचली होती आणि घरीच हातानं सरकी काढून तो कापूस उशीत भरला होता. ‘डोळे काही पहिल्यासारखे नाही राहिले. एखादी सरकी राहिली असन आत. टोचली त मले फोन करू नको.’

राहिली आहे एक, उजव्या कोपऱ्यात. कधीकधी कानाखाली टोचते. मी दर रविवारी फोन करते, पण सरकी टोचते हे काही त्यांना सांगत नाही.