फिरती बोटं

जोगेश्वरीच्या एका शेडमध्ये काच फुंकणारा तो माणूस रिकाम्या हातानेही बोटं फिरवत असायचा. तापलेली नळी फिरवायची थांबली की काच ओघळते. ती सवय चहा पितानाही सुटत नसे.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मी प्रयोगशाळांना सामान पुरवायचो; एका कॉलेजला सोमवारी काचेचे चंबू द्यायचे होते. मी न्यायला गेलो, तर रात्रीत कॉइल जळून त्याची भट्टी एकदम थंड पडलेली. काच सावकाश निवावी लागते. निम्मे चंबू तडकले होते. माझं डोकंच फिरलं.

"अख्खे राहिलेत ते तरी दे! आणि भाव कमी कर."

"शेठ, हे नुसते दिसायला अख्खे, आत ताण राहिलाय," तो म्हणाला. "उद्या कॉलेजात एखादी पोरगी तापवायला घेईल, आणि तिच्या तोंडावर फुटतील."

मी ओरडत होतो, तो एकेक चंबू पिंपात फोडत होता. शेवटचा त्याने उजेडात धरून जरा वेळ पाहिला. मग तोही फोडला.

कॉलेजचं गिऱ्हाईक हातचं गेलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण शिवी ओठांवर आली की तो पिंपापाशी उभा दिसतो. त्याची बोटं थांबलेली मी तेवढी एकदाच पाहिली.